भारतावर बंधन कोणत्या कागदाचं? 9 ऑगस्टच्या मेसेजला उत्तर

जागतिक आदिवासी दिन जवळ आला की एक मजकूर ग्रुपांवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. संयुक्त राष्ट्रसंघाने 13 सप्टेंबर 2007 रोजी आदिवासी हक्कांचा 46 कलमी जाहीरनामा केला. भारताने त्यावर सही केली. त्यामुळे तो भारतात कायदा झाला असून संसद आणि संविधान यांच्याही वर आहे. गावाच्या संमतीशिवाय प्रकल्प आणला तर सरकारला थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचता येतं. शिवाय 5 जानेवारी 2011 ला सुप्रीम कोर्टाने आदिवासी हेच देशाचे मालक असल्याचा निकाल दिला आहे. प्रत्येक पाड्यावर हा मेसेज पोचवा, अशी विनंती खाली असतेच.

हा मेसेज पाठवणारी बहुतेक पोरं आपलीच आहेत. त्यांची तळमळ खरी आहे आणि त्यांचा राग तर शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे. भूसंपादनाच्या सुनावणीत ग्रामसभेने आपली हरकत फक्त या मेसेजवर उभी केली, तर समोरचा अधिकारी एका वाक्यात म्हणेल की हा जाहीरनामा भारतात लागू नाही. तो तेवढ्यापुरता बरोबरही ठरेल. त्या एका वाक्याबरोबर गावाची खरी, टिकणारी हरकतही वाहून जाईल. आणि ज्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताला 1958 पासून बांधलेलं आहे, त्याचं नावसुद्धा या मेसेजमध्ये नसतं.

"भारताने जाहीरनाम्यावर सही केली"

सही झाली नाही, कारण जाहीरनाम्यावर सह्या होत नसतात. तो आमसभेत ठराव म्हणून मांडला जातो आणि देश त्यावर मत देतात. 2007 च्या ठरावाचा क्रमांक 61/295. बाजूने 143 देश, विरोधात चार, तटस्थ 11. विरोधातले चार म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. भारताने बाजूने मत दिलं. हे महत्त्वाचं आहे आणि ते कसं वापरायचं ते पुढे येईलच. पण बाजूने मत देणं वेगळं आणि करारात पक्षकार होणं वेगळं.

मत देताना भारताने आपली भूमिकाही नोंदवून ठेवली. स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखाली असलेल्या लोकांना आहे, स्वतंत्र सार्वभौम देशातल्या एखाद्या समूहाला नाही, असं भारताचं म्हणणं. स्वातंत्र्याच्या वेळची भारतातली सगळीच जनता मूलनिवासी आहे, हीदेखील सरकारची जुनी भूमिका आहे. ती मला पटत नाही. गोंड, भिल्ल, वारली, कातकरी यांच्यावर जंगल कायद्यांनी जे लादलं, ते 'सगळेच मूलनिवासी' म्हटल्याने पुसलं जात नाही. पण ती भूमिका आहे, आणि सरकारी वकील कोर्टात पहिल्यांदा तीच वाचून दाखवणार आहे. आपल्या माणसाला ती आधीपासून माहीत असली पाहिजे.

कराराचा रस्ता वेगळा असतो. आधी मसुदा मंजूर होतो, मग देश सही करतो, मग त्याचं सरकार अनुसमर्थन करतं, म्हणजे हा करार आम्हाला बंधनकारक आहे असं रीतसर कळवतं. पुरेशा देशांनी तसं कळवलं की करार अमलात येतो. नुसती सही पुरत नाही. छळविरोधी करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 ला सही केली, अनुसमर्थन मात्र आजवर केलेलं नाही. त्यामुळे कोठडीतल्या मारहाणीबद्दल त्या कराराची कलमं भारतावर बंधनकारक आहेत असं म्हणता येत नाही. याउलट नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा असे जे 1966 चे दोन करार आहेत, ते भारताने 10 एप्रिल 1979 ला स्वीकारले. वांशिक भेदभावाविरुद्धचा करार 1968 मध्ये, बालहक्कांचा 1992 मध्ये, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा 1993 मध्ये. हे सगळे बंधनकारक आहेत. 2007 चा जाहीरनामा या यादीत नाही.

"म्हणून तो भारतात कायदा आहे, संविधानाच्याही वर आहे"

संविधानाच्या वर भारतात काही नाही. संविधान परिषदेत जयपालसिंह मुंडांनी आदिवासींच्या वतीने जी भाषणं केली, ती या संविधानात जागा मिळवण्यासाठीच होती. पाचवी अनुसूची, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराबद्दलचा संविधानातला भाग, तिथूनच आपल्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच शिकलेल्या माणसांनाही माहीत नसते. भारताने अनुसमर्थन केलेला करारसुद्धा आपोआप देशातला कायदा होत नाही. कलम 51 राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवायला सांगतं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. कलम 253 संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार देतं. तसा कायदा होईपर्यंत कोर्ट देशातल्याच कायद्याने चालतं. 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच स्पष्ट केलं. पैसे फेडण्याची ऐपत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकू नये, हे 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम 11 त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचा अर्थ लावण्यासाठी वापरलं, पण करार स्वतः कायदा म्हणून लागू केला नाही.

मग कराराचा उपयोग काय? खूप आहे. 13 ऑगस्ट 1997 चा विशाखा निकाल घ्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा देशात कायदा नव्हता. सरन्यायाधीश वर्मा यांच्या खंडपीठाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार हाती घेतला, भारताने तो स्वीकारलेला आहे आणि देशाच्या कायद्याशी त्याचा विरोध नाही, म्हणून मूलभूत हक्कांचा अर्थ त्याच्या उजेडात लावला आणि मार्गदर्शक नियम घालून दिले. ते 2013 चा कायदा येईपर्यंत लागू होते. कायद्यात पोकळी असेल आणि विरोध नसेल, तिथे करार कोर्टात बळ देतो. जाहीरनाम्याने हे काम करायचं म्हटलं तर जास्त मेहनत पडते, कारण 'तुम्ही हे स्वीकारलंय' असं सरकारला म्हणता येत नाही.

मानवी हक्क आयोगाचा 1993 चा कायदा उघडून पाहा. त्यात मानवी हक्कांची व्याख्या आहे: संविधानाने दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि भारतातल्या न्यायालयांत अंमलबजावणी होऊ शकणारे जगण्याचे, स्वातंत्र्याचे, समानतेचे आणि प्रतिष्ठेचे हक्क. हे करार कोणते, तर 1966 चे ते दोन, आणि आमसभेने स्वीकारलेले जे दुसरे करार केंद्र सरकार अधिसूचित करेल ते. 10 डिसेंबरला आपण ज्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची आठवण काढतो, त्याचंही नाव या व्याख्येत नाही.

2007 च्या जाहीरनाम्याला काही ठिकाणी कायद्याचं रूप मिळालं आहे, पण ते तिथल्या संसदांनी दिलं म्हणून. बोलिव्हियाने मतदानाला दोन महिने व्हायच्या आत, नोव्हेंबर 2007 मध्ये, तो देशाचा कायदा म्हणून मंजूर केला. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2019 मध्ये आणि केंद्रीय संसदेने 2021 मध्ये तो अमलात आणण्यासाठी स्वतंत्र कायदे केले. भारताच्या संसदेने असं काही केलेलं नाही. मागणी करायची असेल तर ती संसदेकडे करायला हवी.

मेसेजमध्ये जाहीरनाम्याची 3 आणि 4 ही कलमं मोठ्या अक्षरांत असतात, स्वयंनिर्णय आणि स्वशासन. 46 वं कलम कधी दिसत नाही. त्यात स्पष्ट म्हटलंय की या जाहीरनाम्यातल्या कशाचाही अर्थ एखाद्या सार्वभौम देशाची अखंडता मोडण्याची परवानगी असा लावता येणार नाही. हे कलम झाकून ठेवलं की पोलिसांना आणि विरोधकांना आपल्या माणसांवर फुटीरतेचा शिक्का मारणं सोपं जातं.

"थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात"

हे थोडक्यात आटपू. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश देशाविरुद्ध खटला लढवू शकतो; हे त्याच्या संविधीच्या कलम 34 मध्येच आहे. ग्रामसभा, संघटना किंवा एखादी व्यक्ती तिथे जाऊ शकत नाही. त्याच शहरातलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं आहे, आणि भारत त्याच्या रोम संविधीचा सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे व्यक्तिगत तक्रार नेता येते, पण ज्या देशाने 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा वैकल्पिक शिष्टाचार, म्हणजे अशा तक्रारींची मुभा देणारा जोडकरार, स्वीकारला आहे त्याच्याविरुद्ध. भारताने तो स्वीकारलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, पत्र लिहिता येतं, ते सरकारला विचारणा करतात आणि ती जाहीर होते. तो दबाव असतो, निकाल नव्हे.

मेसेजमध्ये नसलेला कागद: आयएलओचा करार क्रमांक 107

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ) 1957 मध्ये आदिवासी आणि मूलनिवासी लोकांबद्दल एक करार केला, क्रमांक 107. भारताने त्याचं अनुसमर्थन 29 सप्टेंबर 1958 ला केलं. त्यातून भारत कधी बाहेर पडलेला नाही. आज, हे वाचत असतानाही, तो भारतावर बंधनकारक आहे. इथे सगळेच मूलनिवासी आहेत, ही पळवाट याला लागू पडत नाही, कारण करारात आदिवासी जमातींचा वेगळा उल्लेख आहे आणि भारताने तो आपल्या अनुसूचित जमातींबद्दलच स्वीकारला.

कलम 11 म्हणतं की हे लोक परंपरेने ज्या जमिनींवर राहत, कसत आले आहेत, त्यांच्यावरची त्यांची सामूहिक किंवा वैयक्तिक मालकी मान्य केली जाईल. कलम 12 म्हणतं की त्यांना त्यांच्या मुक्त संमतीशिवाय त्यांच्या प्रदेशातून हलवायचं नाही. अपवाद तीन: राष्ट्रीय सुरक्षा, देशाचा आर्थिक विकास आणि त्यांचं स्वतःचं आरोग्य, तेही कायद्यानुसार. अपवादात हलवावंच लागलं तर आधीच्या जमिनीइतकी तरी चांगली जमीन द्यायची, आणि झालेल्या नुकसानाची पूर्ण भरपाई करायची.

याचा महाराष्ट्राशी संबंध पुस्तकी नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेली हे त्यातलं पहिलं. या गावांत पिढ्यान्पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्या किती तरी कुटुंबांकडे सातबारा नव्हता. सरकारी कागदात ते अतिक्रमणदार. नर्मदा लवादाचा 1979 चा निवाडा जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन द्यायला सांगत होता, पण ती खातेदाराला. मग अतिक्रमणदाराला काय? या प्रश्नावर देशातला कायदा तेव्हा जवळजवळ मुका होता.

तिथे 107 बोलला. आयएलओच्या तज्ज्ञ समितीने भारत सरकारकडे सरदार सरोवराबद्दल विचारणा केली, आणि कलम 11 चा अर्थ स्पष्ट केला: परंपरेने ताबा असेल तर तो सरकारने अधिकृत मानलेला असो वा नसो, हक्क आहे. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून 1992 च्या अहवालात हाच धागा पकडला. अतिक्रमणदार ठरवून ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांचा हक्क भारताने स्वतः स्वीकारलेल्या करारातून येतो, असं तिने मांडलं. पुढच्याच वर्षी, मार्च 1993 मध्ये, भारताने बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं. त्यामागे कारणं बरीच होती आणि सगळ्यात मोठं कारण खोऱ्यातल्या लोकांचा लढा होता. पण समितीच्या हातात 107 नसता तर 'ही जमीन तुमचीच नव्हती' या सरकारी उत्तरापुढे तिचं बोलणं फक्त सहानुभूतीचं राहिलं असतं.

मी इथे गोड चित्र रंगवणार नाही. 18 ऑक्टोबर 2000 च्या नर्मदा निकालात सुप्रीम कोर्टासमोर 107 मांडला गेला. बहुमताच्या निकालाने तो बाजूला सारला नाही. कलम 12 वाचलं, त्यावर उत्तर दिलं, आणि म्हटलं की हे कलम समतुल्य जमीन देऊन हलवण्याची वाट मोकळी ठेवतं, आणि इथलं पुनर्वसनाचं पॅकेज प्रथमदर्शनी त्याला धरून आहे. विस्थापन झालं म्हणून हक्कांचा भंग झालाच असं नाही, असा त्यांचा निष्कर्ष. खोऱ्यातल्या किती जणांना खरंच समतुल्य जमीन मिळाली, हे तिथल्या लोकांना विचारा. हा निकाल मला आजही टोचतो. तरी त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: करार बंधनकारक होता म्हणून कोर्टाला त्याला उत्तर द्यावं लागलं. पुढच्या माणसाला आता 'प्रथमदर्शनी' या शब्दावर बोट ठेवून जमिनीचा दर्जा दाखवत भांडता येतं.

या कराराचा दोषही सांगायला हवा. तो त्या काळातला आहे. आदिवासींना हळूहळू 'राष्ट्रीय जीवनात' मिसळवून टाकायचं, ही त्याची चौकट. 1986 मध्ये आयएलओनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी ती कालबाह्य ठरवली, आणि 1989 मध्ये करार क्रमांक 169 आला. त्यात आदिवासींची संस्था, सल्लामसलत, स्वतःच्या विकासाचा अग्रक्रम स्वतः ठरवणं, हे सगळं मध्यभागी आहे. नेपाळने त्याचं अनुसमर्थन 14 सप्टेंबर 2007 ला नोंदवलं, म्हणजे ज्या जाहीरनाम्याचा आपण मेसेज करतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. भारताने आजवर केलेलं नाही. 9 ऑगस्टच्या मोर्चात एक फलक हवा असेल तर माझ्या मते तो '169 चं अनुसमर्थन करा' हा असायला हवा. तोवर 107 आहे, आणि त्याच्या कलम 11 मधली मालकी कुणी काढून घेतलेली नाही.

उलटा दावा: "जाहीरनामा म्हणजे नुसता कागद"

हे वाक्य कार्यालयांतून ऐकू येतं, आणि मेसेजखाली टिंगल करणारे लिहितात. तेही चूक आहे, आणि जास्त नुकसान करणारी चूक आहे.

ऑक्टोबर 2007 मध्ये, जाहीरनाम्याला जेमतेम पाच आठवडे झाले असताना, बेलीझ या छोट्याशा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सांताक्रूझ आणि कोनेहो या दोन माया गावांचा खटला निकाली निघाला. मुख्य न्यायाधीश अब्दुलाय कॉन्टेह यांनी गावांची रूढीप्राप्त जमीन त्यांच्या देशाच्या संविधानातल्या मालमत्तेच्या हक्कात बसते असं ठरवलं, आणि त्याला आधार म्हणून जाहीरनाम्याचं कलम 26 घेतलं. त्यांनी तो बंधनकारक आहे असं म्हटलं नाही. बेलीझने त्याच्या बाजूने मत दिलंय, म्हणून सरकार त्याकडे दुर्लक्ष करणार नाही, असं म्हटलं. आपल्याला हवा तो वापर हाच. भारतानेही बाजूनेच मत दिलं होतं.

विरोधात मत दिलेले चारही देश 2009 आणि 2010 मध्ये पाठिंब्याकडे वळले. आधी ऑस्ट्रेलिया, मग न्यूझीलंड, कॅनडा आणि शेवटी अमेरिका. ज्या कागदाला काहीच वजन नाही त्याच्या विरोधात ही राष्ट्रं इतकी हट्टाने उभी राहिली नसती, आणि नंतर त्यांना भूमिका बदलावीही लागली नसती.

शिवाय करार आकाशातून पडत नाहीत. 1948 च्या जाहीरनाम्याला 48 मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. त्यातून 18 वर्षांनी 1966 चे करार झाले. मुलांचा जाहीरनामा 1959 चा, करार 1989 चा. वांशिक भेदभावाचा जाहीरनामा 1963 चा, करार 1965 चा. स्त्रियांचा 1967, करार 1979. छळाविरुद्धचा 1975, करार 1984. आदिवासींच्या बाबतीत करार आधी झाला आणि जाहीरनामा नंतर. जाहीरनामा पुढे गेला आहे, करार मागे राहिला आहे. म्हणून आपल्याला दोन्ही लागतात, ज्याच्या त्याच्या जागी.

नियमगिरीत हे नीट दिसलं. ओडिशातल्या डोंगरिया कोंध लोकांच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती. 18 एप्रिल 2013 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने 107, 169 आणि 2007 चा जाहीरनामा या तिघांचा उल्लेख केला आणि यातल्या फक्त 107 ला भारत बांधील असल्याचं नोंदवलं. पण निर्णय उभा केला तो वनहक्क कायद्यावर आणि पेसावर, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यावर: देवाच्या डोंगरावरचा हक्क आहे की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्या वर्षी पावसाळ्यात रायगडा आणि कालाहंडीतल्या बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी नकार दिला. पाया देशाच्या कायद्याचा, त्याला जोड कराराची, आणि जाहीरनामा दिशा दाखवायला.

"सुप्रीम कोर्टाने आदिवासींना देशाचे मालक ठरवलं"

5 जानेवारी 2011 चा हा खटला महाराष्ट्रातला, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला. एका तरुण भिल्ल स्त्रीला मारहाण करून, विवस्त्र करून गावातून फिरवलं होतं. कोर्टापुढचा प्रश्न आरोपींची शिक्षा कायम ठेवायची की नाही, एवढाच होता. न्यायमूर्ती काटजू आणि न्यायमूर्ती मिश्रा यांनी अपील फेटाळून शिक्षा कायम ठेवली. ते करताना आदिवासी हे या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज असावेत आणि त्यांच्यावर इतिहासात किती अन्याय झाला, याबद्दल त्यांनी काही पानं लिहिली. ती वाचण्यासारखी आहेत. पण ती पार्श्वभूमी आहे. जमिनीच्या मालकीचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता आणि मालकीबद्दल कुठलाही आदेश त्या निकालात नाही. तहसीलदारापुढे तो निकाल ठेवून एक गुंठाही नावावर होणार नाही.

मला दुःख याचं होतं की त्याच निकालातली खरी कामाची गोष्ट मेसेजमधून गळून जाते. अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमांखालची शिक्षा हायकोर्टाने रद्द केली होती, कारण जातीचा दाखला दाखल केला नव्हता आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता. सुप्रीम कोर्टाला ही कारणं निव्वळ तांत्रिक वाटली, तरी त्या भागाविरुद्ध कुणी अपीलच केलं नव्हतं, म्हणून त्यांनाही काही करता आलं नाही. गावात अत्याचार झाला तर पहिल्या दिवशी दाखला आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा तपासा, निकालाविरुद्ध अपील होतंय का ते पाहा: मेसेज करायचा तर तो हा करा.

मग ठरावात काय लिहायचं

वनहक्क कायदा 2006 पासून सुरुवात करा. कलम 4(5): दाव्यांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणालाही जंगलजमिनीवरून हटवता येत नाही. कलम 5: जंगल आणि सांस्कृतिक वारसा राखण्याचा ग्रामसभेचा अधिकार. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने 13 फेब्रुवारी 2019 ला दिला आणि 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. दावे फेटाळताना कायद्यातली पद्धत पाळली गेली का, हा प्रश्न तिथे निर्णायक होता. म्हणून फेटाळल्याची लेखी नोटीस, त्यावरचं अपील, ग्रामसभेचा ठराव, हे कागद जपून ठेवा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा खूप आधी दिली होती, पण जंगलाचा सामूहिक हक्क आणि बांबूवरची सत्ता 2009 नंतर याच कायद्याच्या कागदाने हातात आली.

त्यानंतर भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्याचं कलम 41: अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती. पेसात नुसती विचारविनिमयाची भाषा आहे, इथे संमती आहे. मात्र प्रकल्प कोणत्या कायद्याखाली येतोय ते आधी विचारा, कारण कोळसा खाणी, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे यांचे संपादन कायदे वेगळे आहेत. जमीन खासगी व्यवहाराने बिगरआदिवासीकडे जात असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ.

याच्या खाली 107 लिहा, कलम 11 आणि 12, आणि सोबत '29 सप्टेंबर 1958 रोजी अनुसमर्थन' ही तारीख. जाहीरनाम्याची 10 आणि 32 ही कलमं शेवटच्या परिच्छेदात घ्या. त्यांच्यापुढे 'भारताने याच्या बाजूने मत दिलेलं आहे' एवढंच लिहा.

आणि ठरावाची एक प्रत देशपातळीवरच्या एखाद्या कामगार संघटनेला पाठवा. आयएलओमध्ये ग्रामसभेला दार नाही, कामगार संघटनेला आहे. 107 बद्दल भारत सरकारने ठरावीक काळाने अहवाल द्यायचा असतो, त्याची प्रत कामगार संघटनांना द्यावी लागते, त्यांना त्यावर आपलं म्हणणं पाठवता येतं, आणि करार पाळला जात नसेल तर आयएलओच्या घटनेच्या कलम 24 खाली त्या रीतसर निवेदनही देऊ शकतात. त्यांच्या म्हणण्यात तुमच्या पाड्याचं नाव, गट नंबर आणि ठरावाची तारीख असेल तर तज्ज्ञ समिती सरकारला नेमका प्रश्न विचारू शकते.